मधेच थांबलेला मासा

१

सोमवारी शाळा भरायच्या आधीच मावशींची किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. विज्ञानाचे सर हातातली पिशवी जिन्यातच टाकून वर धावले. प्रयोगशाळेच्या दारात झाडलोट करणाऱ्या मावशी तोंडावर हात धरून उभ्या होत्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

आजोबा मेला होता.

आजोबा म्हणजे टाकीतला सगळ्यात जुना मासा. वीतभर लांब, काळपट, मिशाळ आणि आळशी. टाकीच्या तळाला एक मातीचं मडकं आडवं ठेवलेलं होतं, तेच त्याचं घर. खाणं टाकलं तरी स्वारी मडक्याच्या तोंडापर्यंतच यायची. सरांच्या बायकोने त्याला आणला तेव्हा तो बोटाएवढा होता. ती याच शाळेत विज्ञान शिकवायची. मागच्या वर्षी ती गेली. तिचे सहावी-सातवीचे वर्ग सरांकडे आले आणि टाकी मावशींकडे, कारण सरांना त्या टाकीकडे बघणं जमत नसे.

आज बघावंच लागलं. मेलेला मासा वर तरंगतो, नाहीतर तळाशी पडतो. आजोबा दोन्ही ठिकाणी नव्हता. वाळूच्या पाच-सहा बोटं वर, नुसत्या पाण्यात तो कुशीवर पडून होता. खाली काही नाही, वर काही नाही. वरच्या पाण्यात लाल-पिवळे छोटे मासे काही घडलंच नाही असे फिरत होते.

"मी आत्ताच कुलूप उघडलं, सर," मावशी म्हणाल्या. "हातसुद्धा लावला नाही. हा असा का थांबलाय?"

सर वाकून टाकीत बघू लागले.

मागून चपलांचा आवाज आला. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आत आल्या, टाकीपाशी थबकल्या आणि त्यांनी जवळच्या स्टुलाचा आधार घेतला. सरांच्या बायकोची त्यांच्याशी जिवाभावाची मैत्री होती.

"फिनेल," त्या हळूच म्हणाल्या. मग आवाज चढला. "शनिवारी मी इथे आले तेव्हा फिनेलच्या वासाने डोकं उठलं होतं! मावशी, या खोलीत फिनेल वापरू नका म्हणून कितीदा सांगितलं तुम्हाला?"

"बाई, जमिनीवर थोडंसं... टाकीपासून लांब..."

"थोडंसं! तिने जिवापाड जपलेला जीव घेतलात तुम्ही. किल्ल्या इथे ठेवा. आज शाळा सुटली की मी संस्थेला कळवणार आहे. उद्यापासून येऊ नका."

मावशींनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या. जुडगा टेबलावर ठेवायला गेल्या, तो जमिनीवर पडला.

"मोठ्या बाई," सर म्हणाले, "शाळा सुटेपर्यंत थांबा. तोवर मी बघतो."

"काय बघणार? मेलेला मासा?"

"हो," सर म्हणाले. "तोच."

२

मावशी जिन्याखालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शाळा झाडता झाडता त्यांच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. या वयात दुसरीकडे काम कोण देणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि सरांनाही.

सर शेजारी बसले. "शुक्रवारी काय काय केलंत, सगळं सांगा."

"नेहमीचंच. शुक्रवारी संध्याकाळी नळीने तळाचं घाण पाणी काढते. चांगलं चार बोटं काढलं. मग सोमवारी ताजं भरायचं."

"लगेच का नाही?"

मावशींनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "अहो, नळाच्या पाण्यात औषध असतं ना! दोन दिवस उघडं ठेवून त्याचा वास जाऊ द्यायचा, मगच माशांना द्यायचं. बाईंनीच शिकवलं. तुम्हाला घरी कधी बोलल्या नाहीत?"

बोलली असेल. सरांना आठवेना. ऐकायचे तेव्हा ते अर्धंच ऐकायचे.

"आणि फिनेल?"

"दारापाशी शाई सांडली होती पोरांनी, तेवढं पुसलं. सर, फिनेल पाण्यात पडलं तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. टाकी बघा, आरशासारखी आहे. आणि विष काय माणूस बघून मारतं? तळाचा म्हातारा तेवढा मेला, वरची पोरं खेळताहेत!"

हे सरांच्या ध्यानात आलंच नव्हतं. ते सावरून बसले. "मग आज सकाळी पाणी भरल्यावर..."

"कुठलं भरलं? दार उघडलं तर हे समोर! भरायचं पाणी पातेल्यात तसंच आहे, बेसिनखाली. नेहमीची बादली या वेळी रिकामी नव्हती. तुम्हीच बघा जाऊन."

सर उठून वर गेले. बेसिनखाली मोठं पातेलं होतं, काठोकाठ भरलेलं. वर धुळीचा बारीक थर. हात लावलेला नव्हता.

मग ते टाकीकडे वळले. टाकीच्या काचेवर एक लाल रेघ होती. त्यांच्या बायकोने नखांच्या रंगाने ओढलेली, पाणी कुठपर्यंत भरायचं त्याची खूण. पाणी बरोबर त्या रेघेला लागलं होतं.

सर तसेच जिन्यावरून खाली आले. "मावशी, पाणी रेघेपर्यंत आहे!"

"कसं असेल? मी तर रेघेपर्यंत कधीच भरत नाही. बाई गेल्यावर ती छोटी पिवळी उडी मारून बाहेर पडली, आठवतं ना? तेव्हापासून दोन बोटं खालीच ठेवते मी."

म्हणजे बंद खोलीत, मावशींच्या नकळत, कोणीतरी टाकी भरली होती.

३

प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून गणिताच्या सरांचा वर्ग होता. टाकीचा हवेचा पंप घरघर करतो म्हणून वर्षभर त्यांची भुणभुण चालू होती.

"हो, पंपाला शिव्या घातल्या मी," ते म्हणाले. "माशाला नाही. तो बिचारा तोंड उघडायचा, पण आवाज करायचा नाही. आमच्या वर्गात असं एकही कार्टं नाही."

"पंप तुम्ही बंद केलात?"

"जळलाय तो, गेल्या आठवड्यातच! नवा मागवलाय, आला की माझी डोकेदुखी सुरू. आणि शनिवार-रविवार मी बहिणीकडे होतो. तिच्या सासूला विचारा, पत्त्यांत चार डाव हरवलंय तिला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सर, वाईट वाटलं हो. वहिनींचा मासा."

पंप जळून आठवडा झाला होता आणि शुक्रवारपर्यंत आजोबा ठणठणीत होता. म्हणजे हवा कमी पडून तो गेला नव्हता. सर तिथून निघाले ते हातात काहीच न लागता.

दुसरा तास सातवीचा होता, तोही प्रयोगशाळेतच. मुलं आत आली आणि टाकीपुढे गप्प उभी राहिली. सरांनी जाळीने आजोबाला अलगद वर काढलं आणि ओल्या फडक्यात ठेवलं. पुढच्या बाकावरच्या दोन मुलींना रडू फुटलं.

सातवीत एक मुलगी होती, तिला सगळे शंका म्हणत. तिचा हात सदा वर असे. आजही होता, डोळे पुसत पुसत.

"सर, तो मधे का थांबला होता?"

"मेला होता तो, बाळ."

"मेला तरी वस्तूच ना, सर? तुम्हीच सांगितलं शुक्रवारी. वस्तूची घनता पाण्यापेक्षा जास्त असेल तर ती बुडते, कमी असेल तर तरंगते. मग मधे का? त्याचं काहीच ठरत नव्हतं का?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांना एकदम कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. सकाळपासून ते त्या माशाकडे बघत होते आणि जो प्रश्न त्यांना पडायला हवा होता, तो बारा वर्षांच्या पोरीला पडला होता.

"वरून येताना बुडतो," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि खालून येताना तरंगतो. म्हणजे..."

ते टाकीपुढे गुडघ्यांवर बसले. आता एकेक गोष्ट दिसू लागली. पाण्यात, आजोबा होता त्याच उंचीवर, एक आडवी थरथरती रेघ होती. तिच्यामागचं मडकं तुटून सरकल्यासारखं दिसत होतं. काच पुसली तरी रेघ जाईना. आणि तळाला वाळूत राहणाऱ्या गोगलगायी साऱ्या काचेवर चढून बसल्या होत्या. त्या रेघेच्या खाली एकसुद्धा नव्हती.

"शुक्रवारच्या प्रयोगाचं अंडं कुठे आहे?" सरांनी विचारलं.

कोणीतरी कपाटातून कच्चं अंडं काढून दिलं. सरांनी ते चमच्यात घेतलं आणि टाकीच्या पाण्यात हलकेच सोडलं.

अंडं बुडायला लागलं. हळूहळू खाली गेलं. त्या रेघेशी पोचलं, एकदा वर-खाली झालं आणि थांबलं. जिथे मासा होता, बरोबर तिथेच.

सगळा वर्ग टाकीभोवती गोळा झाला.

४

"टाकीत दोन पाणी आहेत," सर म्हणाले. "एकावर एक."

त्यांनी मुलांकडूनच मोजून घेतलं. नळीने वरचं पाणी घेतलं, मोजपात्रात बरोबर पन्नास मिलिलिटर. मोजपात्राचं वजन वजा जाता तराजूने पन्नास ग्रॅम दाखवलं. मग नळी तळापर्यंत घालून तेवढंच पाणी काढलं. ते वजन शंकाने दोनदा केलं, कारण पहिल्यांदा तिचा स्वतःवरच विश्वास बसेना.

"छप्पन, सर."

"आकारमान तेच, वस्तुमान जास्त. कशाचं पाणी असेल?"

उत्तर द्यायच्या ऐवजी वर्गातली मुलं एकेक करून खिडकीखालच्या निळ्या बादलीकडे बघू लागली. शुक्रवारच्या तासाला त्याच बादलीत त्यांनी भरपूर मीठ विरघळवलं होतं. साध्या पाण्यात बुडालेलं अंडं त्या पाण्यात बुचासारखं वर आलं, तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या होत्या. पुढच्या तासासाठी म्हणून बादली तशीच भरलेली ठेवली होती.

सरांनी बादलीत डोकावलं. तळाला चार पेले पाणी उरलं होतं.

शंकाचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, ती बादली मी आणली होती. टाकीखालून. तुम्ही बादली आणा म्हणालात म्हणून. पण मी टाकीत नाही ओतलं! आईशप्पथ नाही ओतलं!"

"कोणी काय ओतलं?"

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. सगळा गोंगाट त्यांच्या कचेरीपर्यंत गेला होता. सरांनी अंडं दाखवलं, वजनं सांगितली. मोठ्या बाई ऐकता ऐकता शंकाकडे वळल्या.

"म्हणजे या पोरांचा खेळ! आणि मी त्या मावशीला... कोणी ओतलं? खरं सांगा. घरी पाठवीन एकेकाला!"

शंका हमसून हमसून रडू लागली.

"मुलांनी नाही ओतलं," सर म्हणाले. "मुलं ओततील तर बादली उचलून भसकन ओततील. वाळू उसळेल, मीठ सगळीकडे मिसळेल आणि मग सगळेच मासे तडफडतील. इथे बघा. मडक्यासमोर आजोबाच्या शेपटीने वाळूत पडलेल्या रेघा अजून तशाच आहेत. ज्याने पाणी घातलं, त्याने फार हळू घातलं. जड पाणी काचेवरून गुपचूप खाली उतरलं आणि तळाला बसलं. मडकं त्याने भरलं. आजोबा आत होता."

"इतकं हळू कसं घालणार?" शंकाने हुंदके देत विचारलं. रडतानाही तिला शंका आवरेना.

सरांनी बेसिनकडे पाहिलं. भांडी निथळत ठेवायच्या जागी बायकोची जुनी पांढरी बशी उपडी होती. घरी ती ज्या बशीतून चहा निववायची तिचीच जोडीची. त्यांनी बशी उचलली, बोट फिरवलं. तिच्या तळाला पांढरी भुकटी वाळून चिकटली होती. त्यांनी बोट जिभेला लावलं.

खारट.

"बशी पाण्यावर धरायची," सर बोलू लागले, "आणि तिच्यावर पेल्याने थोडं थोडं पाणी सोडायचं, म्हणजे खालच्या माशाला धक्का बसत नाही. ही पद्धत माझ्या बायकोची. मावशींना ठाऊक आहे. पण निळी बादली प्रयोगात अडकली म्हणून तर मावशींनी पाणी पातेल्यात ठेवलं. त्या चुकीच्या बादलीला हात लावणार नाहीत. शिवाय त्या रेघेपर्यंत भरत नाहीत. ज्याने भरलं, त्याला वाटलं निळ्या बादलीत नेहमीसारखं माशांचंच पाणी आहे. आणि रेघेपर्यंत भरायचं, हे तो पूर्वीच शिकला होता. ती असताना. तिच्याकडून."

बोलता बोलता सर थांबले. सकाळचं एक वाक्य त्यांना आठवलं. शनिवारी मी इथे आले तेव्हा.

त्यांनी मान वर केली. मोठ्या बाई त्या बशीकडे बघत होत्या.

५

सरांना वाटलं, इथेच गप्प बसावं. मुलांना बाहेर काढावं, दार लावावं. पण खाली जिन्याजवळ मावशी पिशवी घेऊन बसल्या होत्या.

त्यांना काही म्हणावं लागलं नाही.

"मीच," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "दर शनिवारी येते मी. कचेरीचं काम म्हणून सांगते, पण इथे येऊन बसते. तिने दवाखान्यात माझ्याकडून वचन घेतलं होतं, आजोबाकडे लक्ष ठेव म्हणून. परवा पाणी उतरलेलं दिसलं. निळी बादली भरलेली दिसली. मला वाटलं, मावशींची पाठ दुखते, आपणच भरू."

"सकाळी बोलला का नाहीत?" सरांनी विचारलं. रागाने नव्हे, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"पाणी घातलं, यात सांगण्यासारखं काय होतं हो? पाण्याने कुठे मासा मरतो?" त्यांनी बशी हातात घेतली. "अर्धा-पाऊण तास लागला मला. एक थेंब जोराने पडू दिला नाही. अगदी तिने शिकवलं होतं तसंच घातलं."

"म्हणूनच," सर म्हणाले.

शब्द गेल्यावर त्यांना वाटलं, तो गिळायला हवा होता. पण खरं तेच होतं. निष्काळजीपणे ओतलं असतं तर मीठ टाकीभर पातळ झालं असतं, कदाचित म्हातारा तगलाही असता. काळजीने ओतलं म्हणून ते सगळं त्याच्या अंगावर उतरलं.

मोठ्या बाई मटकन स्टुलावर बसल्या. मुलांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कोणाला कुठे बघावं कळेना.

"आणि बादलीचं म्हणाल," सर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तर शंकाने ती माझ्या सांगण्यावरून आणली. मीठ मी घालायला लावलं. ती निळी बादली माशांची आहे, हे मावशींना माहीत, मोठ्या बाईंना माहीत. मलाच नव्हतं. बादली माझ्या बायकोची आणि मलाच ठाऊक नाही." ते शंकाकडे वळले. "शंका, डोळे पूस. तुझ्यामुळे एक माणूस आज घरी जायचं वाचलं."

मोठ्या बाई उठल्या. बशी हातात तशीच घेऊन जिना उतरल्या. मागोमाग सर, आणि कोणी नको म्हणायच्या आत सगळी सातवी.

मावशी बाकावरून गडबडीने उभ्या राहिल्या.

"मावशी," मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मासा तुमच्यामुळे नाही गेला. माझ्यामुळे गेला. आणि मी तुम्हाला काहीही न विचारता चोरासारखं घालवलं. किल्ल्या घ्या. मला माफ करा, असं म्हणायलासुद्धा लाज वाटतेय."

मावशींना आधी काही उमगलं नाही. सरांनी दोन वाक्यांत सांगितलं: निळी बादली, मीठ, बशी. मावशींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी किल्ल्या घेतल्या, पण कमरेला लावल्या नाहीत.

"म्हणजे ते खारं पाणी अजून टाकीतच आहे?"

"आहे."

"मग इथे काय करताय सगळे?" मावशी कडाडल्या. "माफी कुठे पळून जातेय का, बाई? वरची पोरं अजून जिवंत आहेत! चला!"

वर्षानुवर्षं त्या जिन्यावर मावशी मोठ्या बाईंच्या मागून चढल्या होत्या. आज पुढे गेल्या.

नळी सरांनी घेतली. एक टोक तळाला सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं आणि घोटभर खारं पाणी घशात गेलं. ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं.

"थुंका, थुंका!" मावशी ओरडल्या. "बाई कधी तोंडाने नाही ओढायच्या. नळी आधी पाण्याने भरून घ्यायच्या. इतकी वर्षं संसार केलात, नुसतं बघितलं असतंत तरी कळलं असतं!"

मुलं हसली. सरही हसले, डोळे पुसत पुसत, आणि ते पाणी ठसक्याचंच आहे असं सगळे धरून चालले.

नळीतून धार लागली. तळाचं पाणी बादलीत पडू लागलं. टाकीपुढे चाळीस डोकी दाटीवाटीने वाकली. शंकाने बोट काचेला टेकवलं.

"अंडं उतरतंय, सर."

खालचं जड पाणी जसं कमी होत गेलं, तसं त्याच्यावर थांबलेलं अंडं हळूहळू खाली येऊ लागलं. पाच बोटं राहिली, तीन, एक. मग ते मडक्याच्या तोंडापाशी आलं आणि वाळूवर टेकलं.

सर्वांत खाली बसलेली एक गोगलगाय काचेवरून वाळूकडे निघाली.

मावशींनी पातेलं उचलून आणलं. मोठ्या बाई बशी घेऊन पुढे झाल्या, पण त्यांचा हात टाकीवर जाऊन थांबला.

"आज बशी नको, बाई," मावशी म्हणाल्या. "राहिलंसाहिलं मीठ पाण्यात मिसळू दे. तुम्ही पातेल्याला हात लावा. माझ्याने एकटीने उचलत नाही."

मोठ्या बाईंनी बशी सरांच्या हातात दिली आणि पातेल्याचा एक कान धरला. दोघींनी मिळून पाणी टाकीत ओतलं. वाळू उसळली, छोटे मासे घाबरून कोपऱ्यात पळाले आणि आजोबाच्या शेपटीच्या रेघा पुसून गेल्या.

लाल रेघेच्या दोन बोटं खाली मावशींनी हात वर केला.

"बस," त्या म्हणाल्या.